बाजूच्या सीटचा ब्रेक

४ मे

प्रिय ताई,

आमच्याकडे फोन घरमालकांचा, तोही त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात. तिथून बोललेलं अख्ख्या जिन्याला ऐकू जातं. आणि हे मोठ्यानं बोलायची माझी हिंमतही नाही, म्हणून लिहिते.

परवा रविवारी आम्ही माहेरी गेलो होतो. बाबांनी आपली ती लहानपणापासूनची सहल काढली. पहाटे निघायचं, आधी किल्ला, मग डोंगरातल्या गुहा, दुपारी कड्यावर जेवण, येताना तळं आणि दिवे लागायच्या आत घरी. हे पहिल्यांदाच येत होते, त्यामुळे बाबा भलतेच खुशीत होते.

मी एक आगाऊपणा केला. आईला मागं माझ्याशेजारी बसवलं आणि यांना पुढं. म्हटलं, दिवसभर बाबांच्या कानाशी तिचा रेडिओ नको, तिलाही आराम. तुला माहीतच आहे तिचं. 'अहो, डावीकडे खड्डा. अहो, समोरून ट्रक.' बाबा शिकाऊंना सांगायचे ना, 'बघितलंत ते तोंडानं म्हणा, म्हटलं नाहीत तर बघितलं नाहीत,' त्यातलंच हे. मोटार स्कूल बंद झालं, शिकाऊ गेले, पण आईचं रस्ता म्हणणं सुटलं नाही.

गाडी अजून तीच आहे, बाजूच्या सीटलाही ब्रेक असलेली. यांनी तो ब्रेक पाहिला आणि पाय असे पोटाशी घेतले की जणू सासऱ्यांच्या ताटाला पाय लागणार होता. दिवसभर तसेच बसले.

किल्ल्याच्या अलीकडे मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. रस्ता सरळ, ऊन लख्ख. बाबा वेग कमी करेनात. मला वाटलं आता करतील, आता करतील. आई मागून म्हणाली, "अहो, मेंढ्या," आणि त्याच क्षणी त्यांनी ब्रेक मारला. आम्ही सगळे पुढं आदळलो. मेंढपाळ काठी उगारून काय काय बोलला. बाबा हसून म्हणाले, "मेंढ्यांना लायसन देऊन चूकच झाली माझी." आम्हीही हसलो.

त्यानंतर आईनं मागच्या सीटवरून रस्ता म्हणायला सुरुवात केली. मी वैतागून म्हटलं, "आई, आज तरी रेडिओ बंद ठेव." ती गप्प झाली. पण ताई, तिचा उजवा पाय गप्प नव्हता. खालच्या चटईवर ती तो सारखा दाबत होती. मला वाटलं, मुंग्या आल्या असतील.

कड्याच्या उतारावर आणखी एक प्रसंग झाला. तो लिहवत नाही. कुणाला काही झालं नाही, एवढंच सांगते.

मला वाटतं बाबांना नीट दिसत नाही. तुझी मुलं सुट्टीला येतील तेव्हा त्यांना बाबांबरोबर त्या सहलीला पाठवू नकोस. कारण काहीही सांग.

तुझी,
धाकटी

९ मे

प्रिय भागूबाई,

तुझं पत्र गणवेशांच्या गठ्ठ्यावर बसून वाचलं, कारण घरात बसायला दुसरी जागा नाही. शाळा उघडायच्या आत सगळ्या ऑर्डरी द्यायच्यात. दोन्ही यंत्रं दिवसभर चालू असतात, काज करणारी बाई रुसून बसलीय, आणि मुलं पायात पायात. त्यांना आजोळी पाठवल्याशिवाय माझा हंगाम निघत नाही, हे तुला नव्यानं सांगायला नको.

अगं, मेंढ्या कुणाच्याही गाडीखाली यायला बघतात. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस तो. आणि त्याच्या डोळ्यांवर शंका कोण घेतंय? मोटार स्कूलवाल्याची ती मुलगी, जिनं पहिल्याच दिवशी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी डोळे झाकले होते. बाबांनी बाजूचा ब्रेक दाबला म्हणून आज तू मला पत्रं लिहितेयस. नंतर स्टिअरिंगमागं तू कधी बसली नाहीस. माणूस स्वतः घाबरला की त्याला समोरच्याचेच डोळे अधू वाटतात.

की जावईबापूंना गाडी चालवायला मिळाली नाही म्हणून हे सगळं? रागावू नकोस, गंमत केली.

तरी मी आईला फोन केला. नेहमीप्रमाणे आधी बाबांनी उचलला, खोलीत तेच बसलेले. आई म्हणाली, "धाकटीचं काहीतरी चुकतंय. त्यांना अगदी छान दिसतं." पाठीमागून बाबा विचारत होते, काय छान दिसतं म्हणून.

मुलं रविवारी, सोळा तारखेला, शेजारच्या वहिनींबरोबर निघतील. बाबांनी चिमीला स्वतंत्र पत्र पाठवलंय. या वर्षी ती पुढच्या सीटवर बसणार आणि आजोबांना रस्ता म्हणून दाखवणार. ओळी जरा वरखाली गेल्यात, पण मजकूर झकास. तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप आहे. सकाळपासून घरभर, "आई, समोर बादली. आई, उजवीकडून बाबा, हातात चहा." गुंडू मागून हॉर्न वाजवतो. आता तिला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझी,
ताई

१३ मे

ताई,

मुलं निघायच्या आत हे तुला मिळो.

कड्याच्या उतारावर काय झालं ते लिहिते. एक सायकलवाला दुधाचे कॅन लावून आमच्याच दिशेनं, रस्त्याच्या कडेनं उतरत होता. बाबा सरळ त्याच्या पाठीवर निघाले. घसरत नाही, चुकून नाही, अगदी शांतपणे, तिथं कुणी नसल्यासारखे. आईनं तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहून मिटलं. मी तिला गप्प केलं होतं ना. शेवटी यांनी स्टिअरिंगला हात घालून गाडी ओढली. आरसा सायकलच्या हँडलला घासून मोडला. पलीकडे दरी होती, कठडा नव्हता. बाजूचा ब्रेक यांच्या पायाशीच होता, पण पाय पोटाशी. यांना तो आठवलाही नाही.

बाबा म्हणाले, "डोळ्यांत धूळ गेली." हे अजून झोपेत हात ओढतात.

कड्यावर पोचलो. बाबा यांना देखावा दाखवायला लागले. "तो बघा ओढा, तो नवा पूल, आणि टेकडीवरचं ते एकटं झाड. मी शिकाऊंना तिथपर्यंत नजर लावायला सांगायचो." ताई, तिथं झाड नाही. ते केव्हाच तोडलंय, त्या जागी विजेचा उंच मनोरा आहे. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो, किती छान दिसतंय झाड." हेही म्हणाले, "हो, छान आहे."

मग मी बाबांकडे नीट बघायला लागले. ते माझ्याशी बोलतात तेव्हा माझ्या कानाकडे बघतात. नजरेच्या मधोमध त्यांना काही दिसत नसावं, कडेनं थोडंफार दिसतं. मग आठवलं, सकाळी गुहेपाशी ते परक्याच माणसाच्या खांद्यावर हात ठेवून "काय जावईबापू, दमलात का?" म्हणाले होते. त्यानं उत्तर दिल्यावर आवाजावरून चूक कळली आणि लगेच थट्टेवारी नेली. लायसनच्या तपासणीत डोळे कसे पास झाले, म्हणशील. इतक्या शिकाऊंना तिथं नेऊन उभं केलंय की भिंतीवरच्या तक्त्याची सगळी अक्षरं त्यांना तोंडपाठ आहेत.

येताना यांनी गाडी मागितली. बाबा म्हणाले, "माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागत नाही." तेव्हा आई काही न बोलता पुढं जाऊन बसली.

त्या परतीच्या वाटेवर मी आईचा रेडिओ पहिल्यांदा ऐकला. ती बडबड नाही गं. "मोकळं. मोकळं. पुढं उजवं वळण, लांबलचक. समोरून मोठी गाडी, डावीकडे घ्या. अजून थोडं. आता सरळ." एक शब्द जास्त नाही. आणि बाबा इतकी सुरेख गाडी चालवत होते की डोळे मिटले तर तू म्हणालीस तेच खरं वाटावं. मी वाकून खाली पाहिलं. आईचा उजवा पाय बाजूच्या ब्रेकवर होता. एकदा तिनंच गाडी थांबवली आणि बाबांना वाटलं आपणच थांबवली.

तळ्याशी गाडी थांबली तेव्हा ती खालीही उतरली नाही. पदरानं हात पुसत बसली.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी तिला विचारलं. तिनं भांडं घासायचं थांबवलं नाही. म्हणाली, "तू काही पाहिलेलं नाहीस."

आता पुढच्या सीटवर चिमी बसणार. तिचे पाय त्या ब्रेकपर्यंत पोचत नाहीत. मला भित्री म्हण, काहीही म्हण, पण मुलांना पाठवू नकोस.

धाकटी

१४ मे

थोरलीस आशीर्वाद.

मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलो आहोत. यांनी गाडी धुऊन ठेवली, नवा आरसा बसवला. शेजाऱ्यांना, वाण्याला, पेपर टाकणाऱ्याला, सगळ्यांना सांगून झालं की नातीला घेऊन फिरायला चाललो. स्कूल बंद झाल्यापासून हा माणूस एवढा बोलला नव्हता.

धाकटीनं तुला काहीबाही कळवलं असेल. ती हळवी आहे, मनावर घेऊ नकोस. मुलांना बिनघोर पाठव, मी आहे ना गाडीत. चिमीला थोडा वेळ पुढं बसू दे, गावाबाहेर पडलं की कंटाळेल, मग मी जाईन तिच्या जागी.

माझी तब्येत बरी आहे. फक्त उजव्या पावलाला हल्ली बधिरपणा येतो. डॉक्टर म्हणतात, शिरेवर ताण आहे, तुम्ही पायानं यंत्र चालवता का? मी म्हटलं, यंत्र माझी मुलगी चालवते. येताना तुझ्याकडची ती मऊ चप्पल मुलांबरोबर दे.

आई

१९ मे

धाकटे,

तुझं तेराचं पत्र सोमवारी आलं. मुलं रविवारीच निघाली होती.

मी ते रागानं बाजूला टाकलं. खरंच सांगते, मला वाटलं तू तुझ्या भीतीचं घर बांधायला घेतलंयस. मग आज आईचं पत्र आलं. ते वाचून हसत होते, डॉक्टरांना दिलेलं उत्तर वाचून, आणि हसता हसता माझा पाय यंत्राच्या पायटीवर जिथल्या तिथं थांबला. आपली आई कुठं पायी जात नाही. यंत्र चालवत नाही. मग तिचं उजवंच पाऊल कशानं बधिर होतं?

तू वाकून जे पाहिलंस ते मला इथं बसून दिसलं.

आणि आता त्या पायात जोरही नाही.

मी घरी फोन लावला. बाबांनी उचलला. "रविवारी पहाटे निघतोय. चिमीची तयारी जय्यत आहे, तुझ्यापेक्षा हुशार निघणार." मी म्हटलं, "बाबा, ऊन फार आहे." म्हणाले, "गाडीला छप्पर आहे." त्यांच्या आवाजापुढं माझी जीभ उचलेना. तुला भागूबाई म्हणते, आणि मी फोनवर 'बरं' म्हणून गप्प बसले. आईला द्या म्हटलं, तर ती बाबांच्या शेजारून म्हणाली, "सगळं ठीक आहे हं."

तुमच्या घरमालकांचा फोन लागत नाही. हे तातडीच्या टपालानं पाठवतेय. ऑर्डरी गेल्या खड्ड्यात, मी मिळेल त्या गाडीनं निघते, पण रविवारच्या आत पोचणं कठीण आहे. तू जा. कसंही करून गाडी फाटकाबाहेर पडू देऊ नकोस.

 शिवताना सुई बोटातून गेली तरी कळलं नाही.

ताई

२३ मे

ताई,

मुलं सुखरूप आहेत. हे आधी वाच आणि मग बाकीचं. तू वाटेत असशील, तरी लिहिते. तू आलीस की मला हे तोंडानं सांगता येणार नाही. हे पत्र उशीखाली ठेवते, आल्यावर घे.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. पहाटेच्या पहिल्या बसनं आले. स्टँडवरून धावत निघाले ते गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा उजाडलं होतं आणि फाटक उघडं होतं. गाडी चालू होती. बाबा स्टिअरिंगवर, चिमी शेजारी उशीवर बसलेली, आई मागं, मांडीवर गुंडू.

मी काही ओरडले नाही. ओरडले असते तर बाबांनी आवाज ओळखून, "ये गं, तूही चल" म्हटलं असतं आणि पुन्हा सगळं हसण्यावारी गेलं असतं. मी फाटकाच्या मधोमध, गाडीच्या नाकासमोर जाऊन उभी राहिले. का उभी राहिले ते नक्की सांगता येत नाही. एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात, ते मला बघतात का, मला बघायचं होतं.

बाबांनी समोर पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"हं, म्हण गं रस्ता," ते चिमीला म्हणाले.

चिमीला वाटलं, मावशी खेळतेय. तिनं मला डोळा मारला, तोंडावर हात ठेवून हसली आणि म्हणाली, "रस्ता मोकळा, आजोबा."

ताई, त्यांनी क्लच सोडला.

गाडी सावकाश निघाली. बाबांची गाडी कधी हिसका देत नाही. माझे पाय हलेनात. मी दोन्ही हात पुढं केले, ते बॉनेटवर टेकले आणि गरम लागले. चिमीचं हसू गेलं. तिचे पाय सीटखाली हवेत नुसतेच धडपडत होते. मागून आईचा आवाज आला, तसा मी तो कधी ऐकला नव्हता. "अहो, धाकटी उभी आहे समोर."

ब्रेक लागला. बंपर माझ्या गुडघ्यांना टेकून थांबला. खरचटलं तेवढंच.

इंजिन चालू होतं. मग बाबांनी हळूच विचारलं, "धाकटे, तू केव्हापासून उभी आहेस?"

मी म्हटलं, "तुम्ही रस्ता विचारला तेव्हापासून."

त्यांनी किल्ली फिरवली. हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले. मग आईकडे न वळता म्हणाले, "तुला ठाऊक होतं."

आई म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हतं."

त्यांच्यात यावर कधी एक शब्दही झाला नव्हता म्हणे. बाबांना वाटायचं, ही सवयीनं बोलते, तेवढं आपल्या उपयोगी पडतं. आईला वाटायचं, यांना अजून कळलेलं नाही, कळलं तर खचतील.

चिमी खूप रडली. बाबांनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "तू खोटं बोललीस म्हणून आजोबांना खरं कळलं. पण पुन्हा रस्ता खोटा म्हणायचा नाही." किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. मला, ताई. घरात गाडीला सगळ्यांत जास्त घाबरणारी मीच.

घाईनं लिहितेय. अक्षर समजून घे.

धाकटी

२० नोव्हेंबर

थोरलीस आशीर्वाद.

तू पाठवलेली मऊ चप्पल पोचली. पाऊल बरंच सुधारलं आहे. यांच्या डोळ्यांत औषध घालणं चालू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, राहिलं ते राखू. हे म्हणाले, "गिऱ्हाईक तुटू नये असं बोलतात," पण औषध वेळेवर घालून घेतात.

रविवारी धाकटीनं सहलीला नेलं. हो, तिनंच. तिला लायसन मिळाल्याचं तिनं तुला कळवलंच असेल, तक्ता खरोखरीचा वाचून. जावई तिच्या शेजारी बसले होते. आता पाय पोटाशी घेत नाहीत, सरळ ब्रेकवर ठेवतात. आम्ही दोघं मागं. ती रस्ता म्हणत गाडी चालवते, अगदी मोठ्यानं, आणि हे डोळे मिटून ऐकतात. इंजिनाच्या आवाजावरून म्हणतात, "गिअर बदल. अगं, रडतेय ती." ती म्हणते, "बाबा, मीही रडतेय, आधी वळण संपू दे." उतारावर तिचा आवाज चिरका होतो, पण हात स्थिर असतात. ती अजून घाबरते, आणि मला तेच बरं वाटतं.

कड्यावर यांनी विचारलं, "झाड आहे का गं?" धाकटी म्हणाली, "नाही बाबा, मनोरा आहे." हे म्हणाले, "केवढा?" मग ती त्यांना मनोरा सांगत बसली, तारा कुठून कुठं जातात ते सगळं.

परतताना तळं लागलं. मी खिडकीशी होते. एवढं मोठं आहे ते, मला माहीतच नव्हतं. मधे एक बेट आहे, त्यावर पांढरे पक्षी. मी यांना म्हटलं, "अहो, बेट आहे." हे म्हणाले, "ते तर पहिल्यापासून आहे. तू पाहिलं नव्हतंस?" मी म्हटलं, "तेव्हा मी रस्ता बघत होते."

आता मला सगळी खिडकी मोकळी आहे. पण उतार आला आणि धाकटी म्हणाली, "समोरून सायकल," की माझा पाय अजून आपोआप खाली जातो. तिथं ब्रेक नाही. नुसती चटई आहे.

आई